गाडीच्या दाराची काच: आधी वाट आखा, मशीन नंतर निवडा

दाराचं डिझाइन करायला घेतलेला विद्यार्थी पहिला प्रश्न हमखास मोटरचा विचारतो. किती ताकदीची घेऊ? काच वरखाली करणारी मशीन केबलची घेऊ की आर्मची, म्हणजे दांड्याची? इंदूरजवळच्या पिथमपूरला गाड्यांच्या दारांच्या कामात माझी सगळी नोकरी झाली. आता इंदुरात लोकमान्यनगरच्या घरी एसजीएसआयटीएस या इंजिनिअरिंग कॉलेजची आणि इतर कॉलेजांची मुलं प्रोजेक्ट घेऊन येतात, आणि मी प्रत्येकाला एकच सांगते: मोटरचं शेवटी बघू. काच कुठल्या वाटेने खाली उतरणार, ते आधी ठरव. वाट चुकली की कितीही दणकट मोटर बसवा, काच रबर ओरबाडत जाईल, पहिल्या पावसात दारात पाणी उतरेल आणि वर्षभरात केबल तुटेल. बाजा या विद्यार्थ्यांच्या गाडी बनवण्याच्या स्पर्धेसाठी पिथमपुरात गाड्या घेऊन येणारी मुलं सस्पेन्शनच्या भूमितीवर रात्री जागवतात. तेवढं लक्ष या काचेला कुणी देत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी अट समजून घ्या. दाराच्या पत्र्याच्या वरच्या काठाला बेल्ट लाइन म्हणतात. तिथल्या बारीक फटीतून काच आत शिरते. फटीच्या दोन्ही अंगांना रबरी ओठ असतात आणि त्यांच्यामधून साधारण तीन ते पाच मिलिमीटर जाडीची काच सरकते. पुढे आणि मागे चॅनल, म्हणजे काचेच्या कडा धरणाऱ्या उभ्या खाचा असतात, त्यांतही तेवढीच जागा. काच सपाट असेल तर काहीच प्रश्न नाही. अ‍ॅम्बॅसॅडरच्या दाराची काच सपाट होती. सरळ खाली ओढली की संपलं. पण १९५७ साली अमेरिकेत इम्पिरियल ही गाडी वक्र बाजूकाचा घेऊन कारखान्यातून बाहेर पडू लागली, आणि पुढे सगळ्यांनीच तो रस्ता धरला, कारण वक्र काचेने आत खांद्यापाशी जागा मिळते आणि गाडी दिसतेही सुबक. आता ही वक्र काच खाली जाताना प्रत्येक क्षणी त्याच एका फटीतून गेली पाहिजे. म्हणजेच काचेचा वरचा भाग खाली येईल तेव्हा तो बरोबर तिथेच यायला हवा जिथे आधी खालचा भाग होता. काचेने आपल्याच पृष्ठभागातून सरकायचं. एवढी एकच अट, पण बाकी सगळं तिच्यातून निघतं.

हातांना ही अट कळावी म्हणून मी एक प्रयोग करायला लावते. सियागंजच्या बाजारातून चार इंची पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा आणि त्याच मापाचं एक कपलिंग आणा. करवतीने कपलिंगचा तळहाताएवढा तुकडा कापा आणि पाइपवर ठेवा. तो पाइपच्या लांबीकडे सरकतो, पाइपभोवती फिरतो, आणि दोन्ही एकदम केलं तर मळसूत्राच्या वाटेने जातो. तिन्ही वेळी पाइपला चिकटूनच. आता तुकडा जागच्या जागी वळवा. लगेच त्याचे कोपरे उचलले जातात आणि खाली उजेड दिसतो. हा उजेड म्हणजेच तुमच्या बेल्टमधून आत येणारं पाणी.

फ्रान्झ रोलो या जर्मन अभियंत्याने १८७५ च्या ग्रंथात यंत्रांच्या अशा घट्ट बसणाऱ्या जोड्यांचा पद्धतशीर विचार मांडला. आपल्या कामापुरतं त्याचं सार असं: सपाट पृष्ठभाग, चेंडूसारखा गोल आणि पाइपसारखी वर्तुळाकार वृत्तचिती हे उदार आहेत, त्यांच्यावर तुकडा एकाहून जास्त प्रकारांनी सरकतो. अक्षाभोवती फिरवून तयार झालेला कुठलाही दुसरा पृष्ठभाग फक्त त्या फिरण्याला परवानगी देतो. मळसूत्री पृष्ठभाग फक्त त्याच मळसूत्राला, आणि सरळ रेषांनी बनलेला साधा लांबट पृष्ठभाग फक्त त्या रेषांच्या दिशेला. याबाहेरचा पृष्ठभाग कितीही देखणा असो, त्याची ताठ काच आपल्याच पृष्ठभागातून सरकूच शकत नाही. स्टायलिंगवाले, म्हणजे गाडीचं बाहेरचं रूप ठरवणारे, मनासारखा पृष्ठभाग काढून पाठवतात, तेव्हा हे वाक्य त्यांच्यापुढे ठेवायचं असतं.

जुनी काच मोजून शिका

संगणक उघडण्याआधी भंगारवाल्याकडून एका दाराची काच आणा. जमल्यास एकाच मॉडेलच्या, एकाच बाजूच्या दोन आणा. हातमोजे घाला, कडा पाहून घ्या, आणि काच गादीवर पोट वर करून ठेवा, म्हणजे आतली खोलगट बाजू तुमच्याकडे.

एक खात्रीची सरळ पट्टी काचेवर उभी धरा आणि मागे बॅटरी लावा. पट्टी हळूहळू फिरवत राहा. एका दिशेला मधली फट सगळ्यात मोठी दिसेल आणि तिच्याशी काटकोनात सगळ्यात लहान. लहान फटीच्या दिशेला उजेड अजिबात दिसला नाही, तर काच वृत्तचिती आहे आणि ती दिशा म्हणजे तिच्या अक्षाची दिशा. मोठ्या फटीच्या दिशेला आता माप घ्या. पट्टीची दोन टोकं काचेला टेकतात त्यांमधलं अंतर ही जीवा, आणि मधोमध पट्टी ते काच ही फट. जीवेच्या वर्गाला आठपट फटीने भागलं की त्रिज्या मिळते (काटेकोरपणे फटीचा निम्मा भाग त्यात मिळवायचा, पण एवढ्या कमी वाकलेल्या काचेत तो सोडून देता येतो). समजा जीवा ४०० मिलिमीटर आणि फट १४.३ मिलिमीटर. ४०० चा वर्ग १,६०,०००. आठ गुणिले १४.३ म्हणजे ११४.४, भागाकार जेमतेम १४०० मिलिमीटर. ही काच १.४ मीटर त्रिज्येच्या प्रचंड पाइपातून कापलेली आहे.

इथे घाई करू नका. फट मोजताना अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर त्रिज्येत जवळजवळ पन्नास मिलिमीटरचा फरक पडतो. जीवा जितकी लांब घ्याल तितकी फट मोठी मिळते आणि चुकीचा वाटा घटतो. फट व्हर्नियरच्या खोली मोजणाऱ्या दांडीने मोजा, डोळ्याच्या अंदाजाने नाही. चारपाच ठिकाणी मोजा. त्रिज्या जागोजाग सारखी आली, तरच एका अक्षाची भाषा बोलता येते.

अलीकडच्या बऱ्याच काचांमध्ये आडव्या दिशेलाही उजेड दिसतो. ६०० मिलिमीटर जीवेवर २ मिलिमीटर फट आली, तर आडवी त्रिज्या साडेबावीस मीटर. म्हणजे पृष्ठभाग मध्ये किंचित फुगीर आहे. नजरेला फरक कळत नाही, पण भूमितीला कळतो: वृत्तचितीवर मिळणारी लांबीकडे सरकण्याची मोकळीक इथे गेली. आता काच फक्त एका अक्षाभोवती फिरू शकते.

दोन काचा आणल्या असतील तर मध्ये मलमलचं फडकं घालून एकीवर दुसरी ठेवा आणि वरची सरकवा. योग्य वाटेवर ती डुगडुगत नाही. वाट सोडली की एक कोपरा वर येतो आणि बोटाने दाबला की दुसरा उठतो. मुलांचे चेहरे इथे उजळतात.

अक्ष कुठे ठेवायचा

हा या कामाचा गाभा आहे, आणि इथे वेळ द्या. त्रिज्या १४०० मिलिमीटर, काच खाली यायची ४२० मिलिमीटर. ४२० भागिले १४०० म्हणजे ०.३ रेडियन, म्हणजे सुमारे १७.२ अंश. काच आपल्या अक्षाभोवती एवढीच फिरते. अक्ष गाडीच्या आत, साधारण गाडीच्या लांबीकडे जाणारा, पण त्याची उंची तुमच्या हातात आहे.

कागदावर दाराचा उभा छेद काढा. जिओजेब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलात तर बिंदू ओढून लगेच परिणाम दिसतो. अक्ष बेल्टच्या २५० मिलिमीटर खाली ठेवला असं धरा. मग बेल्टपाशी काच उभ्या रेषेपासून १०.३ अंश आत झुकलेली असेल आणि वरच्या टोकाला साडेसत्तावीस. बंद काचेचा ८४ मिलिमीटरचा पदर बेल्टच्या खाली असतो, तिथेच तिला मशीनचा क्लॅम्प धरतो. पूर्ण खाली आल्यावर काचेचा वरचा काठ बेल्टवर आणि खालचा काठ अक्षाच्याही खाली, उभ्या रेषेच्या दुसऱ्या बाजूला १०.३ अंश. म्हणजे दाराच्या आत काच आधी बाहेर फुगते आणि मग पुन्हा आत वळते. फुगवटा किती? त्रिज्या गुणिले एक वजा १०.३ अंशांची कोज्या, म्हणजे साधारण २२.६ मिलिमीटर. बाहेरचा पत्रा, त्यामागची धडकेसाठीची सळई आणि काच यांच्यामध्ये ही जागा राहिलीच पाहिजे. बेल्टपासून काचेचा खालचा काठ पाचशे मिलिमीटर खाली जातो, तेव्हा दार तेवढं खोल आहे का, तेही याच छेदात दिसतं.

आता अक्ष वर सरकवून बघा. खालचा काठ गाडीच्या आतल्या बाजूला जास्त वळेल आणि स्पीकरच्या, मोटरच्या अंगावर येईल. अक्ष खाली न्या. काच बाहेरच्या बाजूला राहील, सळईला भिडेल, आणि वर काचेचा झुकावही वाढेल. झुकाव वाढला की छत अरुंद होतं आणि दार उघडून पावसात उभं राहिलं की पाणी सीटवर पडतं. मी स्वतः अक्षाला बेल्ट आणि काचेचा सर्वात खालचा काठ यांच्या मधोमध ठेवून सुरुवात करते, वरच्या उदाहरणात आहे तसा. त्याने जागा सगळ्यात कमी खाल्ली जाते. मग कुलूप, सळई, स्पीकर यांच्या तक्रारी ऐकून थोडं वरखाली.

खांबाची कड

पृष्ठभाग जुळला म्हणजे निम्मं काम झालं. दोन दारांमधला खांब, ज्याला सगळे बी-पिलर म्हणतात, त्याच्या चॅनलमध्ये काचेची मागची कड सरकते. त्या कडेनेही आपल्याच वाटेवरून गेलं पाहिजे. नुसत्या फिरण्यात प्रत्येक बिंदूची वाट म्हणजे अक्षाला काटकोनात असलेलं वर्तुळ. खांब बाजूने बघताना तिरका असेल तर ती कड वर्तुळात बसत नाही.

वृत्तचितीवर उपाय सोपा आहे: मळसूत्र. समजा खांब ५ अंश तिरका आहे. ४२० मिलिमीटर उतरताना काचेने पुढे किंवा मागे ३६.७ मिलिमीटर सरकायला हवं. एका पूर्ण फेऱ्याला हिशोब करा, तर मळसूत्राचा आटा, म्हणजे एका फेऱ्यात लांबीकडे सरकण्याचं अंतर, सुमारे ७७० मिलिमीटर येतो. फेरा कधीच पूर्ण होत नाही, आपण फक्त १७ अंशांचा तुकडा वापरतो, पण आटा ठरला की पुढचं चॅनल, रेल, क्लॅम्प सगळं त्याच एका आट्यात काढता येतं. फुगीर काचेवर मात्र मळसूत्र चालत नाही. तिथे अक्षच बाजूच्या दृश्यात तिरका करून खांबाच्या कडेला काटकोनात आणावा लागतो, आणि त्यासाठी पृष्ठभाग नव्याने बसवावा लागतो. म्हणून फुगीर काच मागणाऱ्या स्टायलिंगवाल्यांना खांबाची रेषा त्याच बैठकीत विचारा. दोन गोष्टी वेगवेगळ्या आठवड्यांत ठरल्या की भांडण अटळ.

मागच्या दारात आणखी एक अडचण: चाकाची कमान दाराचा खालचा मागचा कोपरा खाते. काच रुंद, खाली जागा अरुंद. बऱ्याच गाड्यांत मागची काच अर्धीच उतरते ती यामुळे. पूर्ण उतरवायची असेल तर मागे एक छोटी स्थिर काच आणि मध्ये दांडा घाला, आणि तो दांडा पुढच्या चॅनलच्याच वाटेवर काढा.

स्टायलिंगचा पृष्ठभाग बिंदूंच्या रूपात हातात आला असेल तर हाताने जुळवत बसू नका. पृष्ठभागावरचे शेदोनशे बिंदू आणि प्रत्येकाची लंबदिशा घ्या. ताठ वस्तूचा वेग सहा आकड्यांत सांगता येतो: तीन फिरण्याचे, तीन सरकण्याचे. प्रत्येक बिंदूपाशी त्या वेगाचा लंबदिशेतला भाग शून्य असला पाहिजे, कारण काच पृष्ठभाग सोडून जायला नको. हे सहा अज्ञातांचं साधं एकघाती समीकरण आहे. शेदोनशे समीकरणं आणि सहा अज्ञात, तेव्हा सगळ्यांना कमीत कमी चुकवणारं उत्तर काढायचं. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत नमपाय ही गणिताची लायब्ररी घेऊन चारपाच ओळींचं काम. उत्तरातून अक्षाची दिशा, जागा आणि आटा थेट निघतात. खांबाच्या कडेवरच्या बिंदूंसाठी आणखी एक अट घाला: वेग कडेच्याच दिशेत असावा. मग राहिलेली चूक बघा. काच जास्तीत जास्त अर्धा मिलिमीटर सोडत असेल तर मी पुढे जाते, रबर तेवढं सांभाळतं. त्याहून जास्त असेल तर पृष्ठभाग परत पाठवते.

आता मशीन

आर्मच्या मशीनमध्ये एक दांडा खुंटीभोवती फिरतो आणि त्याच्या टोकाची चकती काचेखालच्या आडव्या खाचेत सरकते. ३०० मिलिमीटरचा दांडा आडव्या रेषेच्या वर ४५ अंश ते खाली ४५ अंश फिरला की उंची ४२४ मिलिमीटर मिळते, आपल्याला हवी तेवढी. त्यात चकती आडवी ८८ मिलिमीटर सरकते, म्हणून खाच शंभरापेक्षा आखूड नको. हाताने फिरवायची असेल तर पाव फेऱ्याच्या सेक्टर गिअरवर ४५ दाते आणि पिनियनवर, म्हणजे हँडलच्या छोट्या दातेरी चाकावर, १० दाते ठेवले की हँडलचे साडेचार फेरे होतात. दांडा आडवा असतो तेव्हा ओझं सगळ्यात जास्त जाणवतं, स्प्रिंगचा जोर त्या जागी धरून निवडा.

या मशीनची एक मर्यादा आहे: दांडा एका सपाट पातळीत फिरतो आणि काच कमानीवरून जाते. ४२० मिलिमीटरच्या उतरणीत आणि १४०० त्रिज्येत हा फरक पावणेसोळा मिलिमीटर होतो. दांड्याची पातळी कमानीच्या मध्यावर ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंना आठ-आठ मिलिमीटर वाटले जातील आणि दांड्याची लवचीकता ते झेलेल. सगळा फरक एकाच बाजूला टाकला तर काच वरच्या टोकाला रबरातून बाहेर ढकलली जाते.

केबलच्या मशीनमध्ये केबल काचेला एका रेलवरून ओढते आणि ती रेलच काचेसारखी वाकवता येते, म्हणून मला ती जास्त आवडते. रेल काचेच्या ३० मिलिमीटर आत असेल तर तिची त्रिज्या १३७०, अक्ष तोच. मुलं या तीस मिलिमीटरवर फार घाबरतात. चुकून १४०० चीच रेल वाकवली तरी सगळ्या उतरणीत फरक साधारण एक-तृतीयांश मिलिमीटरचा. रेलचा अक्ष काचेच्या अक्षाशी तिरका बसला, तर मात्र खरा घोळ होतो. तेव्हा त्रिज्येपेक्षा रेल बसवायच्या बोल्टांची जागा दहादा तपासा.

उचलायची जागा कुठे? जुन्या लाकडी कपाटाचा ड्रॉवर एका कोपऱ्याला धरून ओढला की अडकतो, तसंच इथे होतं. दोन चॅनलच्या मधल्या रेषेपासून उचलण्याची जागा जितकी दूर, तितकी काच तिरकी होते. ते आडवं अंतर घर्षण गुणांकाच्या दुपटीने गुणा आणि काच चॅनलमध्ये जितकी उभी धरली गेली आहे त्या लांबीने भागा. उत्तर एकाच्या जवळ आलं की काच अडकणार, मोटर कुठलीही असो. अंतर १५०, धरलेली लांबी ४००, गुणांक ०.३ असेल तर उत्तर ०.२२५. निवांत झोपा. अंतर २५०, लांबी ३०० आणि चॅनलची मखमल झिजून धूळ भरल्यावर गुणांक ०.६ झाला, तर उत्तर बरोबर १. आमच्याकडे मे महिन्यात बटण दाबत दाबत दुसऱ्या हाताने काच वर ढकलणारे लोक दिसतात, त्यांच्या दारात हेच झालेलं असतं. पुढच्या दाराची पुढची कड आरशाच्या कोपऱ्यामुळे आखूड असते, तेव्हा धरलेली लांबी काचेच्या प्रत्येक उंचीला मोजा, फक्त बंद स्थितीत नाही. चॅनलमध्ये ग्रीस लावू नका, ते धूळ धरून ठेवतं. सिलिकॉनचा फवारा पुरे.

मोटरचा हिशोब आता दोन मिनिटांचा. काचेची घनता घनमीटरला २५०० किलो. ०.३५ चौरस मीटर आणि ४ मिलिमीटर जाडी, म्हणजे साडेतीन किलो. बाकी सगळं रबराचं घर्षण. ते उतरणीभर सारखं असणं मोटरच्या ताकदीपेक्षा महत्त्वाचं, कारण आपोआप बंद होणाऱ्या काचेत कुणाचं बोट सापडलं तर तिने उलटं फिरायचं असतं. युरोपच्या नियमांत ४ ते २०० मिलिमीटरच्या फटीत दाब १०० न्यूटनच्या वर जाण्याआधी ती फिरली पाहिजे. वाट चुकलेल्या काचेला मध्येच जास्त जोर लागतो. तो रबराचा की लहान मुलाच्या हाताचा, हे मोटरला कळणार कसं? या एका कारणासाठी मी भूमितीत सवलत देत नाही.

शेवटची तपासणी दोन प्रकारे करा. फ्रीकॅड या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये काच दहा-दहा मिलिमीटरने उतरवून प्रत्येक स्थितीत बेल्टची फट, दोन्ही चॅनल आणि सळईपासूनचं अंतर लिहून काढा. मग खरी गाडी बघा. रस्त्यावर उभ्या जुन्या गाड्यांच्या काचांवर धुळीने उभे बारीक ओरखडे पडलेले असतात. ऊन तिरकं असताना ते स्पष्ट दिसतात. काचेचा प्रत्येक बिंदू बेल्टच्या ओठातून जसा गेला त्याची ती रेघ आहे. पट्टी लावून बघा: ओरखडे मागच्या खांबाच्या कडेला समांतर असतील तर वाट बरोबर आखली आहे. वर जाता जाता ते कडेपासून दूर किंवा जवळ होत असतील, तर त्या दाराचं मागचं रबर काढून आतली मखमल बघा. ती एकाच बाजूने झिजलेली असेल, आणि कुठल्या बाजूने त्यावरून अक्ष कुणीकडे सरकवायचा ते कळेल.